नवी मत्स्यटाकी सायकल करणे: मासे सोडण्यापूर्वीचे काही आठवडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे ९० लिटर पाण्याची नवी टाकी भरून, पाण्यातील क्लोरिन घालवून, फिल्टर आणि हीटर लावून आठ दिवस झाले आहेत. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते. ‘आठवडाभर फिल्टर चालवला की टाकी तयार होते’ असे सांगण्यात आले होते, तर आता मासे सोडावेत का? सोबत हेही कळवले आहे की मागच्या खेपेस याच पद्धतीने सोडलेल्या सहा माशांपैकी पाच पहिल्या पंधरवड्यात दगावले आणि त्याचे कारण शेवटपर्यंत उमगले नाही.

माझे स्पष्ट मत आहे की मासे अजून सोडू नयेत. या आठ दिवसांत फिल्टरने पाण्यातील गाळ काढला, तापमान स्थिर झाले, टाकी गळत नाही याची खात्री पटली. एवढे काम निश्चित झाले. परंतु माशांना जगवणारी जिवाणूंची जी व्यवस्था फिल्टरच्या स्पंजात उभी राहावी लागते, तिची सुरुवातसुद्धा झालेली नाही, कारण तिला लागणारे अन्नच, म्हणजे अमोनिया, आजवर टाकीत पडलेले नाही. रिकामी टाकी आठ दिवस चालवली काय आणि दोन महिने चालवली काय, या बाबतीत फारसा फरक पडत नाही. मागच्या वेळचे मासे कशाने गेले, याचेही उत्तर बहुधा येथेच आहे.

मासा आपल्या शरीरातील टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांमधून अमोनियाच्या रूपात थेट पाण्यात सोडतो. तळाशी राहिलेले खाद्य, विष्ठा आणि वनस्पतींची कुजणारी पाने यांच्यापासूनही अमोनियाच तयार होतो. टाकीतले पाणी मोजके असते आणि ते वाहून जात नाही, त्यामुळे अमोनिया साठत जातो. पाण्यात तो दोन रूपांत असतो: मुक्त अमोनिया आणि अमोनियम. टेस्ट किट या दोन्हींची बेरीज दाखवते, पण माशाला प्रामुख्याने मारतो तो मुक्त अमोनिया, आणि त्याचा वाटा पाण्याच्या पीएचवर व तापमानावर ठरतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.६ टक्के भाग मुक्त रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ५ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे किटवर आकडा तोच दिसत असताना विषाची मात्रा जवळजवळ नऊपट होते. ‘मी तर पहिल्याच दिवशी मासे सोडले आणि एकही मेला नाही’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत असतो असे नाही; त्याचे पाणी सौम्य आणि किंचित आम्लधर्मी असते, एवढेच. तो अनुभव दुसऱ्याच्या पाण्याला लागू पडत नाही.

या अमोनियाचे रूपांतर काही जिवाणू नायट्राइटमध्ये करतात आणि दुसरे काही जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. मधला टप्पा, म्हणजे नायट्राइट, माशासाठी अमोनियाइतकाच धोकादायक असतो, मात्र त्याची मारण्याची रीत वेगळी असते. तो कल्ल्यांतून रक्तात शिरतो आणि हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास निरुपयोगी करून टाकतो. रक्ताचा रंग तपकिरी होतो, आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असतानाही मासा गुदमरतो. पहिला आठवडा सुखरूप गेला, मग दहाव्या-बाराव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले आणि पटापट गेले, असे वर्णन मी असंख्य वेळा ऐकले आहे. ते बहुतेक वेळा नायट्राइटचेच असते. शेवटी उरणारा नायट्रेट त्या मानाने सौम्य असून नियमित पाणी बदलून आणि वनस्पती लावून तो आटोक्यात ठेवता येतो. टाकी सायकल करणे म्हणजे या दोन्ही प्रकारच्या जिवाणूंची पुरेशी वस्ती मासे येण्याआधी तयार करणे.

या कामाला वेळ का लागतो, हे १८७७ साली श्लोजिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगातून फार चांगले समजते. वाळू आणि चुनखडी भरलेल्या लांब काचनळीतून ते सांडपाणी अगदी संथपणे झिरपू देत होते. सुमारे वीस दिवस खालून निघणाऱ्या पाण्यात नायट्रेट मिळाले नाही. त्यानंतर ते दिसू लागले आणि येतच राहिले. पुढे त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच नायट्रेट बंद झाले, आणि वाफ काढून टाकल्यावर मातीचे थोडे धुवण घातले तेव्हा ते पुन्हा सुरू झाले. हे काम सजीव करतात हे त्यातून सिद्ध झाले, आणि आपल्याला लागणारे तीनही धडे त्या एका नळीत आहेत: वस्ती जमायला आठवडे लागतात, एखाद्या रसायनाने ती क्षणात बंद पडते, आणि चालू वस्तीचा थोडा अंश मिळाला तर काम पुन्हा मार्गी लागते.

अन्न कुजवणारे सामान्य जिवाणू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होतात, तर नायट्रीकरण, म्हणजे अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट, करणाऱ्या या जिवाणूंना दुप्पट व्हायला साधारण एक दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. ते पाण्यात तरंगत राहत नाहीत. फिल्टरचा स्पंज, सिरॅमिकची कडी, वाळू, दगड अशा पृष्ठभागांना चिकटलेल्या पातळ बुळबुळीत थरात राहतात. म्हणून जुन्या टाकीतले पाणी आणून नव्या टाकीत ओतल्याने हाती फारसे काही लागत नाही, आणि त्याच कारणाने पाणी बदलल्याने वस्तीचे नुकसानही होत नाही. ‘सायकल मोडेल’ या भीतीने अमोनियाच्या पाण्यात मासे तसेच ठेवणारे लोक मी पाहिले आहेत; ही भीती पूर्णपणे निराधार आहे.

आता प्रत्यक्ष पद्धत. मासे न सोडता, बाहेरून मोजून अमोनिया घालून सायकल करणे हा मार्ग मी सुचवतो. चिमूटभर खाद्य टाकीत टाकून कुजू देणे किंवा कोळंबीचा तुकडा ठेवणे याही पद्धती चालतात, पण त्यांत किती अमोनिया तयार होणार यावर आपला ताबा राहत नाही आणि वास व बुरशी यांचा त्रास मात्र होतो. अमोनियाचा सर्वांत सोपा आणि सुरक्षित स्रोत म्हणजे अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर. धातुकामासाठी विकला जाणारा खडा अशुद्ध असू शकतो, त्यामुळे प्रयोगशाळेसाठीचा किंवा मत्स्यटाकीसाठीच तयार केलेला घ्यावा. स्वच्छतेसाठी मिळणारे अमोनियाचे द्रावण वापरायचे असेल तर त्यात सुगंध, रंग किंवा साबण नसावा. बाटली हलवल्यावर टिकून राहणारा फेस आला तर ती बाजूला ठेवावी.

मोजमाप एकदाच नीट करून ठेवले की रोजचे काम सोपे होते. ६.३ ग्रॅम अमोनियम क्लोराइड स्वच्छ पाण्यात विरघळवून द्रावण बरोबर १०० मिलिलिटर करा. या द्रावणाचा १ मिलिलिटर १० लिटर पाण्यात घातला की अमोनियाचे प्रमाण लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे २ पीपीएम होते. आपल्या ९० लिटरला ९ मिलिलिटर लागतील, आणि ते सुई नसलेल्या सिरिंजने अचूक घेता येतात. येथे टाकीची मापे गुणून आलेला आकडा न धरता, वाळू, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा करून उरणारे खरे पाणी धरावे. दोन्हींत सहज १५ ते २० टक्क्यांचा फरक पडतो. पहिला डोस घातल्यावर तासाभराने मोजून पाहावे. किट ४ किंवा ५ पीपीएम दाखवत असेल तर हिशेब चुकला असे समजून थोडे पाणी बदलावे. जास्त अमोनियाने वस्ती लवकर वाढेल हा समज उलटा आहे. ५ पीपीएमच्या वर गेल्यास नायट्राइट खाणारे जिवाणू दबतात आणि काम लांबते.

फिल्टर आणि एअर पंप अखंड चालू ठेवावेत. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट करायला या जिवाणूंना सुमारे ४.६ ग्रॅम प्राणवायू लागतो, तेव्हा पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता असावा. टाकीत मासे नसताना तापमान २७ ते २८ अंश ठेवले तर वाढ थोडी लवकर होते. दिव्याची या जिवाणूंना अजिबात गरज नसते. वनस्पती नसतील तर दिवा बंद ठेवावा, म्हणजे शेवाळही कमी येते. पाणी क्लोरिनमुक्त हवे हे आपण पाळलेच आहे, मात्र एक बाब तपासून घ्यावी. काही ठिकाणी पिण्याच्या पाण्यात क्लोरिनऐवजी क्लोरामाइन घालतात. ते बादलीत रात्रभर पाणी ठेवल्याने उडून जात नाही. त्यासाठी क्लोरिननाशक द्रावण लागतेच, आणि त्याची क्रिया झाल्यावर पाण्यात थोडा अमोनिया मागे राहतो. ताज्या पाण्यात अमोनिया दिसून लोक गोंधळतात तो यामुळे.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधासारखे पांढुरके झाले तर घाबरू नये. ते आपल्याला हवे असलेले जिवाणू नव्हेत. पाण्यातील सेंद्रिय अंशावर भराभर वाढणारे दुसरे जिवाणू आहेत आणि काही दिवसांत ते आपोआप ओसरतात. काचेवर व दगडांवर पुढे तपकिरी भुकटीसारखा थर येतो, तोही नव्या टाकीत नेहमीचाच. या दोन्हींवर उपाय म्हणून पाण्यात औषधे ओतू नयेत. जिवाणूनाशक औषध मासे आणि शेवाळ यांच्याइतकेच आपल्या वस्तीपर्यंतही पोहोचते.

या सगळ्या प्रक्रियेत डोळ्यांना दिसण्यासारखे फार थोडे असल्यामुळे टेस्ट किटवाचून हे काम करू नये असे माझे ठाम मत आहे. पट्ट्यांपेक्षा थेंबांचे किट घ्यावे. पट्ट्यांचे रंग ढोबळ असतात आणि अनेक पट्ट्यांवर अमोनिया नसतोच. नळी आधी टाकीच्याच पाण्याने विसळून घ्यावी, खुणेपर्यंत पाणी घेताना डोळा खुणेच्या समपातळीत आणावा, बाटली उभी उलटी धरून थेंब मोजावेत. तिरकी धरल्यास थेंब लहानमोठे पडतात. सांगितलेली मिनिटे घड्याळ लावून थांबावे आणि नळी पांढऱ्या कागदापुढे दिवसाच्या उजेडात धरावी. पिवळ्या बल्बखाली शून्याचा पिवळा रंगसुद्धा हिरवट वाटतो आणि माणूस विनाकारण रात्रभर काळजीत पडतो. नायट्रेटच्या किटमधील एका बाटलीत तळाशी बसणारा साका असतो. ती अर्धा मिनिट जोरजोराने हलवली नाही तर चाचणी कमी आकडा दाखवते. शिवाय ही चाचणी नायट्रेटचे नायट्राइटमध्ये रूपांतर करूनच रंग दाखवत असल्यामुळे, टाकीत नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटचा आकडा फुगलेला येतो. मधल्या टप्प्यात त्या आकड्यावर विसंबू नये.

एका वहीत रोज तारीख, अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि घातलेला डोस असे पाच रकाने भरावेत. सुरुवातीचे काही दिवस, कधी आठवडा ते दहा दिवस, अमोनिया २ वर अडून बसतो आणि काहीच होत नाही असे वाटते. मग एके दिवशी तो दीडवर येतो आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नायट्राइटच्या नळीत निळ्याऐवजी जांभळी छटा दिसते. हा पहिला टप्पा. यापुढे अमोनिया ०.५ च्या खाली आला की पुन्हा २ पर्यंत न्यावा. येथे एक चूक फार जण करतात: अमोनिया आता रोज संपतो आहे हे पाहून ते उत्साहाने रोज पूर्ण डोस घालत राहतात. परंतु १ मिलिग्रॅम अमोनियापासून सुमारे २.७ मिलिग्रॅम नायट्राइट बनतो, म्हणजे २ पीपीएमच्या प्रत्येक डोसामागे साडेपाच पीपीएम नायट्राइटची भर पडते, आणि ते खाणारी दुसरी वस्ती अजून बाल्यावस्थेत असते. आठवडाभरात नायट्राइट किटच्या मर्यादेपलीकडे जातो आणि नळी रोज तितकीच गडद दिसते, त्यामुळे पुढे सरकतो आहोत की नाही तेच कळत नाही. म्हणून नायट्राइट चढू लागला की अर्धा डोस, तोही दोन-तीन दिवसांआड, एवढेच ठेवावे. मर्यादेपलीकडचा आकडा जाणून घ्यायचा असेल तर टाकीचे १ भाग पाणी आणि डिस्टिल्ड वॉटरचे ९ भाग मिसळून चाचणी करावी व उत्तराला दहाने गुणावे.

नायट्राइटचा टप्पा अमोनियाच्या टप्प्यापेक्षा सहसा लांबतो. एकूण काळ चार ते सहा आठवडे धरून चालावे. तीन आठवड्यांत झाले तर उत्तम, आठ लागले तरी त्यात काही बिघडले असे नाही.

मात्र एखादी टाकी खरोखरच अडते, आणि त्यामागे सर्वांत जास्त वेळा दडलेले असते ते कारण पीएचचे असते. माझ्या एका १०० लिटरच्या टाकीत पाणी मुळातच सौम्य होते. बाराव्या दिवशी नायट्राइट गडद जांभळा झाला आणि पुढे नऊ दिवस ना अमोनिया हलला ना नायट्राइट. मी स्पंज काढून पाहिला, पंप उघडून पाहिला, नवे किट आणले. पीएच मोजायचे मात्र सुचले नव्हते. मोजला तेव्हा तो ६.० निघाला, आणि पाण्याची कार्बोनेट कठीणता, म्हणजे केएच, जवळजवळ शून्यावर आलेली होती. नायट्रीकरणात आम्ल तयार होते आणि ते पाण्यातील कार्बोनेट खात जाते. २ पीपीएम अमोनियाचा प्रत्येक डोस पूर्ण पचला की केएच सुमारे ०.७ अंशाने घटते. मुळात ३ अंश असलेले पाणी चार-पाच डोसांत रिकामे होते. पीएच ६.५ च्या खाली जिवाणूंचे काम मंदावते आणि ६ च्या आसपास बहुतेक ठप्प होते. मी त्या टाकीत ९ ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून घातला. १०० लिटरला ३ ग्रॅम सोडा केएच साधारण १ अंशाने वाढवतो, त्यामुळे ती ३ अंशांवर आली, आणि तिसऱ्या दिवशी अमोनिया पुन्हा उतरू लागला. टाकीत मासे असते तर मी इतका सोडा एकदम घातला नसता, कारण पीएच चढताच साठलेल्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो.

दुसरे कारण क्वचित आढळते. आरओचे पाणी वापरणाऱ्यांच्या टाकीत फॉस्फेट मुळीच नसते आणि तेवढ्यासाठी वस्ती वाढायची थांबते. अशा वेळी खाद्याची एक चिमूट पुरेशी असते. नायट्राइट फारच साठला असेल तर अर्धे पाणी बदलून टाकणे हाही साधा आणि परिणामकारक उपाय आहे.

वेळ खरोखर कमी करायचा असेल तर एकच खात्रीचा मार्ग आहे: निरोगी, जुन्या, चालू टाकीतला फिल्टर स्पंज किंवा सिरॅमिकच्या कड्या. ओळखीच्या माणसाकडून असा स्पंजाचा अर्धा भाग मिळाला, तो टाकीच्याच पाण्यात बुडवून लगेच आणला आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवला, तर महिन्याचे काम आठवड्या-दीड आठवड्यावर येते, कधी त्याहूनही लवकर होते. त्या टाकीत गेल्या दोन महिन्यांत रोग झालेला नसावा, कारण जिवाणूंबरोबर परजीवीही येतात. स्पंज वाटेत सुकता कामा नये. आणि तो बसवल्यावरही अमोनियाचा डोस घालून चाचणी करायचीच. स्पंज आला म्हणजे टाकी झाली असे गृहीत धरू नये.

बाटलीबंद जिवाणूंबद्दल माझा अनुभव संमिश्र आहे. काहींनी काम लवकर झाले, काहींनी काहीच फरक पडला नाही. नायट्रीकरण करणारे हे जिवाणू बीजाणू बनवत नाहीत, त्यामुळे उन्हात तापलेल्या किंवा फार जुन्या बाटलीत ते जिवंत असण्याची शक्यता कमी असते; उलट बीजाणू बनवणारे बॅसिलससारखे जिवाणू त्यात टिकतात, पण ते अमोनिया-नायट्राइटचे हे काम करत नाहीत. बाटलीवर कोणती नावे आहेत तेही पाहावे. दुसऱ्या टप्प्याचे काम नायट्रोबॅक्टर करतो असे पूर्वी सर्वत्र लिहिले जाई, पण गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. पुढे २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायराही सापडले. बाटली वापरायला हरकत नाही; तिच्या भरवशावर मोजणे मात्र सोडू नये.

भरपूर आणि वेगाने वाढणाऱ्या वनस्पती लावलेल्या टाकीचा हिशेब थोडा निराळा असतो. वनस्पती अमोनियम थेट शोषून घेतात, त्यामुळे नायट्राइट चढलेला दिसतच नाही आणि थोडे मासे लवकर सोडता येतात. परंतु हे दाट लागवडीचे आणि नवी पाने धरलेल्या वनस्पतींचे बोलणे आहे. कोपऱ्यात लावलेल्या चार रोपांना हे लागू नाही, आणि नुकत्याच लावलेल्या वनस्पती तर पहिल्या आठवड्यांत जुनी पाने गाळून उलट अमोनियात भर घालतात.

आपल्याकडे मागच्या टाकीतला वाचलेला सहावा मासा अजून असेल आणि त्याला याच नव्या टाकीत ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर बाहेरून अमोनिया अजिबात घालू नये. तो मासाच तो पुरवील. खाद्य एक दिवसाआड आणि अगदी थोडे द्यावे, रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजावेत, आणि दोन्हींची बेरीज ०.५ पीपीएमच्या वर गेली की त्याच दिवशी निम्मे पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरिनमुक्त आणि टाकीइतक्याच तापमानाचे असावे. नायट्राइट दिसू लागल्यावर १०० लिटरला १० ग्रॅम या प्रमाणात, दुसरे काही न मिसळलेले साधे मीठ घातल्यास माशाला बराच दिलासा मिळतो, कारण मिठातील क्लोराइड कल्ल्यांमध्ये नायट्राइटची वाट अडवते. या मार्गाने टाकी सायकल होते, पण तिला अधिक वेळ लागतो आणि रोजचे कष्ट पडतात. काटक जातीचा मासा मुद्दाम आणून त्याच्यावर टाकी तयार करून घेण्याची जी जुनी रीत आहे, ती मी कोणालाही सुचवत नाही. असा मासा जगला तरी त्याचे कल्ले भाजून निघालेले असतात, आणि त्याला जे सोसावे लागते ते टाळण्याचा सोपा मार्ग आज आपल्या हाती आहे.

टाकी तयार झाली हे ठरवण्याची कसोटी एकच. अमोनिया २ पीपीएम करावा आणि २४ तासांनी मोजावे. अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य यायला हवा. सलग दोन वेळा असे झाले की वस्ती उभी राहिली असे मी मानतो. १ पीपीएमची कसोटीही लहान माशांसाठी पुरेशी ठरते, पण २ ठेवल्याने हाताशी मुबलक अवकाश राहतो. ४० टक्के प्रथिने असलेल्या १ ग्रॅम खाद्यातून साधारण ३७ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो असा मत्स्यपालनातला ढोबळ हिशेब आहे. त्यानुसार ९० लिटरमध्ये रोज २ पीपीएम पचवणारी वस्ती जवळपास ४ ग्रॅम खाद्याचा भार पेलू शकते, आणि लहान माशांची मध्यम आकाराची टोळी रोज त्याच्या जवळपासही खात नाही.

कसोटी उतरली की ८० ते ९० टक्के पाणी बदलावे, कारण एव्हाना आठ-दहा डोसांचा नायट्रेट साठून ६० ते ७० पीपीएमपर्यंत गेलेला असतो. तो २० च्या खाली आणावा. तापमान माशांच्या जातीला मानवेल इतके उतरवावे, पीएच आणि केएच पुन्हा मोजावेत, आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी मासे आणावेत. मासे यायला चार दिवस उशीर होणार असेल तर तोपर्यंत दर दोन दिवसांनी १ पीपीएमचा डोस घालत राहावे आणि शेवटचा डोस पूर्ण पचल्याची खात्री करूनच मासे सोडावेत. ठरवलेल्या माशांपैकी निम्मे पहिल्या दिवशी सोडावेत असे मी म्हणेन. एक-दोनच सोडले तर उपाशी राहिलेली वस्ती आक्रसत जाते आणि सगळेच एकदम सोडले तर एखादा रोगट निघाल्यास सगळेच अडचणीत येतात.

पहिले दोन आठवडे दिवसाआड मोजावे. अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ दिसला तरी खाद्य निम्मे करून एक तृतीयांश पाणी बदलावे. हे बहुधा दोन-तीन दिवसांत निवळते. या काळात स्पंज धुऊ नये. पुढे प्रवाह मंदावला की बदललेल्या पाण्याच्या बादलीतच तो दोन-तीनदा हलकेच पिळावा; बादलीत गढूळ तपकिरी पाणी उतरते आणि स्पंज बोटांना किंचित बुळबुळीत लागत राहतो, तो तसाच राहायला हवा. नळाखाली धरून तो नव्यासारखा कोरा करू नये, आणि सगळे माध्यम, म्हणजे फिल्टरमधले स्पंज व कड्या, एकाच वेळी बदलू नये. वीज गेली तर उघड्या स्पंज फिल्टरला काही तास फारसे काही होत नाही, परंतु बंद डब्याच्या फिल्टरमधले पाणी कोंडते आणि आतला प्राणवायू संपतो. माझा असा एक फिल्टर रात्रभर, सुमारे दहा तास बंद राहिला होता. सकाळी झाकण काढताच सडक्या अंड्यांचा वास आला. तो तसाच चालू केला असता तर ते सगळे टाकीत गेले असते. डब्यातले पाणी ओतून दिले, माध्यम टाकीच्या पाण्यात विसळले आणि मगच पंप लावला. पुढचे आठ दिवस रोज मोजले तेव्हा अमोनिया दोनदा ०.२५ पर्यंत आला आणि पाणी बदलून तो खाली ठेवता आला. दुसरी निम्मी टोळी आणायची ती पहिल्या टोळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, आणि तीही त्या आठवड्यातल्या सर्व चाचण्यांत दोन्ही नळ्या शून्य दाखवत असतील तरच.